चार नंबरचा फोन

मी माझ्या जावेवर जळते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं सांगताना मला चांगुलपणाचा आव आणावा लागणार नाही.

आम्ही दोघी एकाच घरच्या सुना आणि दोघीही वेबसाइट बनवतो. मी मोठी, भंडाऱ्यात राहते. ती धाकटी, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये, कारण माझा दीर फॅक्टरीत आहे. हे काम आमच्या घरात मी आणलं. टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवता शिकवता माझं मीच शिकले आणि पहिली साइट एका पितळी भांड्यांच्या दुकानाची केली. मग राइस मिल, मंगल कार्यालय, एक नर्सरी. गावात मला ‘वेबसाइटवाल्या बाई’ म्हणायचे तेव्हा मी वरवर नाक मुरडायची आणि आतून फुगायची. मग दिराचं लग्न झालं आणि नागपूरला इंजिनिअरिंग केलेली जाऊ घरात आली. तीन वर्षांत ‘वेबसाइटवाल्या बाई’ दोन झाल्या, आणि नुसतं ‘बाई’ म्हटलं की लोकांना तीच आठवायला लागली.

तिचं काम देखणं असतं. हे लिहितानाही मला जड जातंय. रंग कुठला कुठे टाकायचा हे तिला कुणी शिकवलेलं नाही, तिला ते आपोआप कळतं. मी तासभर डोकं खाजवते तेव्हा कुठे मला दोन रंग जुळतात. शिवाय ती कामाला फार थोडे दिवस घेते. माझ्या सासूबाई तर शेजारणींना माझ्यादेखत सांगतात, “लहानीचं काम पाहा लागते बापा, चार दिवसांत मोकळी. मोठीचं आपलं चालूच राहाते.”

माझं ‘चालूच राहतं’ त्याला कारण आहे, आणि ते कारण एका टोपलीत आहे. बांबूची टोपली, माझ्या रुखवतात आलेली. तिच्यात मी जुने फोन ठेवते. कुणाकुणाचे उतरलेले, एक दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणलेला, एक सासूबाईंचा. प्रत्येकाच्या पाठीवर नेलपॉलिशने नंबर घातलाय. साइट तयार झाली की ती मी या सगळ्यांवर उघडून पाहते, कारण पान जरी एकच असलं तरी प्रत्येक ब्राउझर ते आपापल्या मनाने मांडतो. एकाच मापाचं ब्लाउज चार टेलरांकडे टाकलं की चार तऱ्हेचं शिवून येतं, तसंच हे. एकावर तारखेचा रकाना उघडतच नाही. एकावर जोडाक्षरं फुटतात. एकावर फोटो इतका ताणला जातो की माणसाचा चेहरा पोळीसारखा होतो. दुरुस्ती बहुतेक वेळा दोन ओळींची असते. वेळ जातो तो काय बिघडलंय आणि कशावर बिघडलंय हे शोधण्यात. दहा दिवसांचं काम असलं तर त्याला आणखी सहा दिवस लागतात, आणि या सहा दिवसांचे पैसे मी कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहायची: ‘सर्व ब्राउझरवर तपासणी’. याच ओळीने माझी किती कामं खाल्ली!

आमच्या समाजाचा उपवर परिचय मेळावा दरवर्षी होतो. त्या वर्षी समितीने ठरवलं की कागदी फॉर्म बंद, सगळ्यांनी फोनवरून माहिती भरायची आणि त्यावरूनच परिचय पुस्तिका छापायची. विहारातल्या बैठकीत आम्हा दोघींचीही कोटेशनं आली. समितीचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या त्याच ओळीवर बोट ठेवलं.

“हे सहा दिवस कायचे?”

“सगळ्या ब्राउझरवर पाहावं लागतं, गुरुजी. गावागावांत जुने फोन असतात.”

“म्हणजे तुम्ही बनवलेलं चालते का नाही, हे तुम्हालेच माहीत नसते?”

बैठक हसली. मी लाल झाले. माझ्या बाजूने बोलली ती माझी जाऊच, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

“ताई लय बारीक पाहतात, गुरुजी,” ती म्हणाली. “पण आता सगळ्यायजवळ नवीनच फोन हाय. तेवढं नाही लागत.”

काम तिला मिळालं. घरी जाताना तिने माझ्या गाडीवर माझ्याच मागे बसून, माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “तुम्हाले राग तर नाही न आला, ताई?” मी म्हटलं, “छे गं, मला कशाचा राग?” आणि खड्डा दिसत असूनही गाडी त्यातून नेली.

आता माझ्या बहिणीचं सांगायला हवं, कारण या सगळ्यात खरं काही पणाला लागलं होतं ते तिचं.

माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. साकोलीच्या पुढे एका गावात अंगणवाडी सेविका आहे. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नववीत. मेळाव्याच्या पुस्तिकेत शेवटी पुनर्विवाहाची पानं असतात. त्या पानांवर तिचा परिचय यावा म्हणून मी दोन वर्षं तिच्या मागे लागले होते. “आता कोण पाहाते मले,” म्हणून ती विषय उडवून लावायची. शेवटी तिच्या मुलीनेच हट्ट धरला तेव्हा ती तयार झाली, पण एक अट घालून.

“एकडाव भरतो,” ती म्हणाली. “एकाचा जरी फोन नाही आला, तर समजीन की लोकायनं नाही म्हटलं. मंग तू पुन्हा माह्या मांगं नाही लागाचं.”

मी कबूल केलं. तिच्या त्या एकदाच्या भरण्यावर माझी फार भिस्त होती.

फॉर्मची लिंक आली त्या दिवशी सकाळी मी ती सगळ्यात आधी उघडली असेल. आणि माझ्या पोटात दुखलं. माहिती भरून ‘पुढे’ दाबलं की एक पान यायचं, ‘आपला परिचय’. त्यात गोल चौकटीत फोटो, खाली नाव, शिक्षण, नोकरी, अपेक्षा, आणि पानाच्या चारी बाजूंनी कोशाच्या रेशमी साडीचे काठ असतात ना, तशी किनार. पान स्क्रीनमध्ये अगदी नेमकं बसवलेलं, वर नाही, खाली नाही. तळाशी ‘जमा करा’ असं बटण. समाजाच्या फॉर्मला कुणी इतका जीव लावून नटवलं नव्हतं. मी कुठे खोट सापडते का ते पाहत होते आणि मला सापडत नव्हती.

मग मी टोपली काढली.

एक नंबरवर ठीक. दोन नंबरवर ते शेवटचं पान उघडलं, पण ‘जमा करा’ दिसेना. त्या फोनसोबत आलेल्या ब्राउझरची स्वतःची एक जाड पट्टी तळाशी असते. बटण बरोबर तिच्या खाली गेलं होतं. आणि पान नेमकं बसावं म्हणून जावेने ते सरकणं बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे बोटाने वर ढकलावं तर हलत नव्हतं. तीन नंबरवर ठीक. पाच नंबरवर पुन्हा तेच. चार नंबर टोपलीत नव्हता. तो कुठे गेला, हा विचार मी केला नाही. मी इतकी खूश होते की मी चहा टाकला, आलं घालून.

फोन उचलून तिला सांगायला किती वेळ लागला असता? चहा उकळेपर्यंतही नाही. दोन ओळींची दुरुस्ती, तिने जेवायच्या आधी करून टाकली असती आणि मला दहा वेळा थँक्यू म्हटलं असतं. मी सांगितलं नाही. मी मनात सगळं रंगवूनही टाकलं: आता गावोगावहून गुरुजींना फोन जातील, बटणच नाही म्हणून. गुरुजी चष्मा पुसतील. विहारात पुन्हा बैठक बसेल, मला बोलावणं येईल, आणि मी टोपली घेऊनच जाईन. ‘ते सहा दिवस कायचे’ ते एकेक फोन काढून दाखवीन. टोपलीवर टाकायला रुमाल कुठला घ्यायचा इथपर्यंत माझी तयारी होती.

एकही फोन आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. समाजाच्या ग्रुपवर गुरुजींचा मेसेज येऊन पडला की फॉर्म भराभर येऊन राहिले, वेबसाइटवाल्या मुलीनं समाजाचं नाव काढलं. खाली सगळ्यांचे निळे झेंडे आणि हात जोडलेले. मला कळेना. बटण दिसत नाही म्हणून कुणीच कसं ओरडत नाही?

पंधरवडा उलटल्यावर बहिणीचा फोन आला. “फॉर्म तू भरून दे न वो. मले त्यातलं समजत नाही.”

एरवी मी तिचं विजेचं बिलसुद्धा भरते. त्या दिवशी मी म्हटलं, “जावेच्या साइटवर मी पाय ठेवणार नाही. तुझं तू भर. अंगणवाडीचं इतकं भरतेस की फोनवर.”

“ते सरकारी फोनवर,” ती म्हणाली. “त्याच्यावर लग्नाचा फॉर्म भरू का? पोरायच्या वजनाखाली माहा फोटो दिसन.”

“मग तुझ्या फोनवर भर.”

“बरं,” ती म्हणाली. मोठी असून ती माझ्यापुढे नेहमी असंच पडतं घेते.

संध्याकाळी तिने व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं, ‘भरला वो बाई.’ आमच्याकडे काहीही ऑनलाइन भरलं की पावती म्हणून शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवतात. गॅसचा नंबर असो, शाळेचा प्रवेश असो, स्क्रीनशॉट निघाला की काम झालं. मी तो मोठा करून पाहिला. गोल चौकटीत माझी बहीण. मुलीने काढलेला फोटो असावा, मागे घराची निळी भिंत होती. किनारीच्या आत ती इतकी शांत आणि शोभून दिसत होती की मी त्या पानावरून नजरच काढली नाही. किनारीचा रंग जावेने हिच्या साडीशी कसा जुळवला? मग लक्षात आलं की ती किनार फोटोतला रंग पाहून स्वतःच बदलते. हे तिला कसं सुचलं, ती हे कुठे शिकली, मला का नाही येत? मी ते चित्र दहा वेळा तरी मोठं-लहान केलं असेल. किनार पाहिली, अक्षरं पाहिली, फोटोची सावली पाहिली. तळाशी काय आहे आणि काय नाही, हे पाहिलं नाही. ज्या बटणासाठी मी पंधरा दिवस कान टवकारून बसले होते, ते माझ्या हातातल्या चित्रात नव्हतं आणि मला दिसलं नाही.

मेळाव्याच्या रविवारी बहीण पहिल्या बसने आली. जांभळी साडी, त्यावर साधा मोत्यांचा सर. सभागृहात त्रिशरण-पंचशील झालं, पाहुण्यांचं स्वागत झालं, आणि पुस्तिका वाटायला सुरुवात झाली. तिने शेवटून उघडली. पुनर्विवाहाची पानं तिने एकदा उलटली, मग परत उलटली. मग पहिल्या पानापासून सगळी पुस्तिका चाळली, कुमारिकांच्या पानांसकट. मग ती बंद करून मांडीवर ठेवली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

“कापलं वाटते माहं नाव,” ती म्हणाली. “पोरगी हाय मोठी, म्हणून असन.”

मी उठून गुरुजींकडे गेले. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “यायचं नाव आलंच नाही. फॉर्मच आला नाही.” तेवढ्यात आणखी दोन बाया आणि एक म्हातारे गृहस्थ तेच विचारत आले, हातात फोन आणि फोनवर स्क्रीनशॉट. माझी जाऊ गर्दी पाहून मंचावरून धावत आली. तिने त्या गृहस्थांचा फोन घेतला, पाहिला, आणि तिचा चेहरा उतरला. नवीन काम करणाऱ्याला पहिल्यांदा असं काही कळतं तेव्हा कसं वाटतं, ते मला माहीत आहे. माझीही एकदा अशीच फजिती झाली होती.

“बटणच नाही दिसून राहिलं, ताई,” ती माझा हात धरून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “मी माह्याच फोनवर पाहिलं फक्त. तुम्हाले दाखवाले पाहिजे होतं. तुम्हाले एका मिनिटात दिसलं असतं, अन् तुम्ही सांगितलंच असतं.”

मी मान हलवली, हो म्हणून.

तिने रडत बसण्यात वेळ घालवला नाही. माइकवरून स्वतः सांगितलं की चूक माझी आहे, ज्यांची नावं सुटली त्यांची पुरवणी याच आठवड्यात छापून घरपोच देऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चूक तिची, टाळ्याही तिलाच! पुढे तर तिने स्वतःच्या कोटेशनमध्ये माझी ती ओळ घातली, ‘सर्व ब्राउझरवर तपासणी’, शब्दसुद्धा माझेच. आणि लोक तिला त्याचे पैसे देतात. मेळाव्यात काय झालं ते सांगते ती, आणि गिऱ्हाईक मुकाट्याने मान्य करतं. मला बारा वर्षांत कुणी ते कबूल केलं नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी बहीण पुरवणीचं ऐकायला थांबलीच नव्हती. मी सभागृहातून बाहेर आले तेव्हा ती रस्त्याला लागली होती. बसस्टँडवर तिला गाठलं. साकोलीची बस यायची होती. आम्ही बाकावर बसलो आणि तिने पिशवीतून फोन काढला, मुलीला कळवायला. फोन उलटा झाला तेव्हा पाठीवर लाल नेलपॉलिशने काढलेला चार दिसला. माझ्याच हाताचा. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन पाण्यात पडला तेव्हा टोपलीतून मीच काढून दिला होता.

मग मी सगळं सांगितलं. बटणाचं, पट्टीचं, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं हेसुद्धा. चहाचंही सांगितलं. ती ऐकत राहिली. समोर एक गाडी लागली, भरली आणि निघून गेली.

“अन् सांगतलं काहून नाही?” तिने विचारलं.

“जावेवर जळून.”

“लहानपणापासून तशीच हायस तू,” ती म्हणाली. “आपल्या ताटात काय हाय ते सोडून दुसऱ्याच्या ताटात पाहाची.” मला वाटलं, आता ती उठेल आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसेल. तिचा तो हक्क होता. ती फोनच्या पाठीवरचा चार अंगठ्याने घासत राहिली. मग माझ्याकडे वळली.

“म्हणजे मले कोणी नाही म्हटलंच नाही?”

“नाही,” मी म्हटलं. “तुझा फॉर्म कुणी पाहिलाच नाही.”

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली. मी इतकी वाईट वागले होते, आणि त्यातून तिने आपल्यापुरतं चांगलं तेवढं काढून घेतलं. “मंग पुरवणीत टाकजो माहं नाव,” ती म्हणाली, “अन् यावेळी तू भरजो. माह्या भरवशावर नको सोडू.”

मी मान हलवली. तिने फोन सुलटा केला, तो स्क्रीनशॉट उघडला आणि माझ्यापुढे धरला.

“हे काहाडून नाही टाकत मी,” ती म्हणाली. “तुही जाऊ मोठी गुणाची हाय वो. पाह्य न, मले किती सुंदर दाखवलं हाय. इतकी चांगली तर मी लग्नातही नव्हती दिसली.”

गोल चौकट, जांभळी किनार, मागे घराची निळी भिंत. तळाशी बटण नव्हतं, ते आता मला लगेच दिसलं. आणि तिच्या शेजारी बसून, तिला सगळं कबूल करून पुरी पाच मिनिटंही झाली नव्हती, तरी माझ्या पोटात पुन्हा तेच दुखलं. साकोलीची बस लागली, बहीण पिशवी उचलून चढली, खिडकीतून हात हलवू लागली. मी हात हलवला, आणि मला सुचत होतं ते एवढंच, की माझ्या बहिणीला इतकं सुंदर मी दाखवायला हवं होतं.